आतड्याचा जुना दाह आणि आपल्या घरचे ताट

शौचातून रक्त जाते, दिवसातून आठ-दहा वेळा पळावे लागते, पोटात पिळवटते, वजन उतरते. हे दुखणे माणूस घरातही मोकळेपणाने सांगत नाही. वस्तीतल्या सामाईक शौचालयाच्या रांगेत उभे राहताना तर लाज आणखी वाढते. मग महिनोन् महिने मूळव्याधीची पुडी, आवेच्या गोळ्या आणि "पोटात उष्णता झाली" असा सल्ला एवढ्यावरच दिवस निघतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमधून हेच चालते. म्हणून या पानावर आतड्यांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाची आणि त्यात काय खावे याची माहिती घेऊ. विहारात रविवारी हा पाठ मोठ्याने वाचला तरी चालेल.

आजार कोणता

डॉक्टर याला इंग्रजी अद्याक्षरांवरून आयबीडी म्हणतात. त्यात मुख्य दोन आजार येतात. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त व आव पडते. दुसरा क्रोन्स. १९३२ साली अमेरिकेतल्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, पण लहान आतड्याचे शेवटचे टोक त्याला विशेष सापडते. त्याची सूज आतड्याच्या भिंतीत खोल जाते. त्यामुळे आतडे अरुंद होते, कधी भगंदर होते.

शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा इथे स्वतःच्याच आतड्यावर उलटते. घरातल्या कुणाचे पाप, करणी, बाहेरची बाधा यांचा याच्याशी काही संबंध नाही. हा आजार स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याची गरज नाही. ताट वेगळे ठेवणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

हा आजार सहसा मुळापासून जात नाही, पण औषधाने शांत राहतो. काही महिने शांत, मग उसळी, मग पुन्हा शांत, असे त्याचे चालते. ही दोन रूपे लक्षात ठेवा, कारण खाण्याचे नियमही दोन वेगळे आहेत.

आधी निदान, मग पथ्य

शौचातून रक्त जाण्याची कारणे अनेक. मूळव्याध, अमिबाची आव, आतड्याचा क्षयरोग, आतड्याचा कर्करोग आणि हा दाह. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात. दोन्हींत ताप, पोटदुखी, वजन घटणे. पण उपचार उलटे. क्षयरोग असताना नुसते स्टेरॉइड दिले तर क्षयरोग पसरतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी, आतड्याचा लहानसा तुकडा काढून केलेली परीक्षा, रक्त आणि शौचाची तपासणी हे सारे होऊ द्या. क्षयरोग निघाला तर औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ जुलाब, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, ताप, घटलेले वजन, यांपैकी काही असेल तर "मूळव्याधच असेल" म्हणून थांबू नका.

शरीर का वाळते

पोषण तीन वाटांनी तुटते. एक, दुखते म्हणून माणूस खात नाही. दोन, सुजलेले आतडे खाल्लेले नीट शोषत नाही, आणि जखमांतून रक्त व प्रथिने वाहून जातात. तीन, दाह स्वतःच शरीराची शक्ती जाळतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी आवक घटते.

त्यात आपल्या भागातली एक जुनी कमतरता भर घालते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. बी-१२ शरीरात शिरते ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकातून, आणि क्रोन्सचा हल्ला नेमका तिथेच होतो. आधीच रिकामी असलेली कोठी आजाराने आणखी रिकामी होते. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, थकवा ही त्याची खूण.

घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईला हा आजार झाला तर तिच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. भांडे खरवडून जेवणारी आई आजारी असेल तर तिचे ताट आधी वाढा. हाही उपचाराचाच भाग आहे.

उसळीच्या दिवसांतले ताट

आजार उसळलेला असताना आतड्याला चोथा, कोंडा, साली आणि बिया झेपत नाहीत. या दिवसांत पुढील गोष्टी चालतात:

मऊ भात, भाताची पेज, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, मऊ खिचडी. रेशनचा तांदूळ इथे उपयोगी पडतो.

उकडलेले किंवा कमी तेलात केलेले अंडे, चिकनचा रस्सा नव्हे तर शिजवलेले मऊ चिकन, काटे काढलेला मासा.

नाचणीचे सत्त्व. नाचणी भिजवून मोड आणावेत, वाळवून दळावी आणि पीठ पातळ फडक्यातून गाळून घ्यावे. कोंडा फडक्यावर राहतो. त्याची लापशी करावी.

दुधी, लाल भोपळा, गाजर, बटाटा सोलून, बिया काढून, मऊ शिजवून. पिकलेले केळे, शिजवलेले सफरचंद.

दही व ताक. दूध सरसकट बंद करू नका. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल, जुलाब वाढत असतील तेवढ्यापुरते थांबवा. त्या लोकांनाही दही बहुधा पचते.

या दिवसांत टाळायचे ते असे: ठेचा, झणझणीत रस्सा, तळलेले, कच्ची कोशिंबीर, मटकी-हुलग्याची उसळ, जाड कोंड्याची भाकरी, कडक चहा वारंवार, शीतपेये आणि दारू. मिरचीने हा आजार होत नाही, पण सुजलेल्या जागेवर ती झोंबते.

एकदम पोटभर खाण्यापेक्षा दोन-अडीच तासांनी थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा खावे. जुलाब जास्त असतील तर ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून दिवसभर घोट घोट प्यावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ मापापेक्षा जास्त टाकू नये.

बरेच दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला मात्र पहिल्याच दिवशी भरपूर खाऊ घालू नका. त्याने रक्तातले क्षार एकदम बिघडतात. अशा वेळी आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचा असतो.

आजार शांत असताना

इथे घरोघरी मोठी चूक होते. उसळीच्या वेळचे पथ्य वर्षानुवर्षे चालू राहते. भात आणि ताक, भात आणि ताक. माणूस बरा असतो पण वाळत जातो. आजार शांत झाला की ताट पुन्हा भरायचे असते. एका वेळी एक पदार्थ सुरू करा, तीन दिवस पाहा, मग दुसरा. ज्वारीची मऊ भाकरी, मग बाजरीची. सालीशिवाय डाळ, मग मोड आलेले व नीट शिजवलेले कडधान्य. पालक, मेथी मऊ शिजवून. कोणता पदार्थ सोसला, कोणता नाही, हे वहीत लिहा. मुलाच्या जुन्या वहीची मागची पाने पुरतात.

पाकिटातले तळलेले पदार्थ, झटपट नूडल्स, शीतपेये, डबाबंद मांस हे मात्र कायमचे कमी करा. त्यांत टिकवण्यासाठी व घट्टपणासाठी घातलेली काही द्रव्ये आतड्याच्या अस्तराला त्रासदायक असावीत, असे संशोधनातून दिसू लागले आहे. पाच-दहा रुपयांच्या त्या पाकिटांच्या पैशात एक अंडे येते.

आतडे अरुंद झाले असेल तर

क्रोन्सच्या काही रुग्णांचे आतडे एखाद्या ठिकाणी अरुंद होते. डॉक्टरांनी तसे सांगितले असेल तर पुढील पदार्थ शांत काळातही नकोत: मक्याचे कणीस, अख्खे शेंगदाणे, ओले खोबरे, पेरूच्या बिया, गवार आणि शेवग्याच्या शेंगांचा चोथा, संत्र्याच्या फोडींची साल आणि चावून खाल्लेला ऊस. दौंडच्या बागायत पट्ट्यात ऊस हाताशी असतो, लहानथोर चघळतात. पण गिळलेला चोथा अरुंद जागी अडकला तर आतडे बंद पडते. शेंगदाणे खायचेच तर बारीक कूट करून. मास पूर्ण मऊ करून, नीट चावून खावे.

प्रथिनांचा हिशोब

आजार उसळलेला असताना मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. शांत काळात १ ग्रॅम पुरते. म्हणजे ५० किलोच्या माणसाला उसळीत ६० ते ७५ ग्रॅम. हे ऐकायला अवघड वाटते. पण मोजून पाहा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, मूगडाळीत ७. मासा किंवा चिकन १०० ग्रॅम घेतले तर १८ ते २०. वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम, दह्यात ६. शंभर ग्रॅम तांदळात ७.

आता एक दिवस मांडू. सकाळी नाचणीच्या लापशीबरोबर दोन अंडी: अंड्यांचे १२. दुपारी भात, वरण आणि दही: ७, ७ आणि ६ मिळून २०. संध्याकाळी एक अंडे: ६. रात्री भात व मूगडाळीची खिचडी: १४, आणि मासा: १८. बेरीज ७०. लापशीचे वेगळेच. मासा परवडत नसेल त्या दिवशी आणखी दोन अंडी आणि एक वाटी दही घेतले तर तो आकडा गाठता येतो. वजन फार उतरले असेल तर प्रत्येक वाढणीवर चमचाभर तेल किंवा तूप घाला. एका चहाच्या चमच्याभर तेलातून सुमारे ४५ कॅलरी मिळतात.

अंडी-मासे खाणाऱ्या घरात आजाऱ्याला "सात्त्विक खा" म्हणून ते बंद करायला सांगणारे लोक भेटतात. या आजारात ते बंद करण्याचे कारण नाही. प्रथिने, लोह आणि बी-१२ यांची सोपी वाट तीच आहे. लाल मांस मात्र कोलायटिसच्या रुग्णाने कमी खावे.

लोह, कॅल्शियम आणि इतर

रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन घटते. शांत काळात लोहाच्या गोळ्या चालतात. पण आजार उसळलेला असेल किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर गोळ्यांपेक्षा शिरेतून दिलेले लोह बरे पडते. ते रुग्णालयातच घ्यावे.

स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ होतात. म्हणून ती चालू असताना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सल्फासलाझिन ही गोळी चालू असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी जोडीला लागते. लहान आतड्याचे शेवटचे टोक शस्त्रक्रियेने काढले असेल तर बी-१२ ची इंजेक्शने बहुधा जन्मभर घ्यावी लागतात.

गरोदर बाईने घाबरून औषधे बंद करू नयेत. आजार उसळलेला असणे बाळाला अधिक धोक्याचे असते. मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे मात्र दिवस राहण्याआधीच बदलावी लागतात, म्हणून मूल हवे असेल तेव्हाच डॉक्टरांशी बोला.

केवळ पातळ पोषणाचा उपचार

यात सहा ते आठ आठवडे नेहमीचे जेवण पूर्ण बंद ठेवून फक्त सर्व घटक असलेले तयार पातळ अन्न देतात. क्रोन्स झालेल्या लहान मुलांत हा उपचार इतका चांगला चालतो की पहिला उपचार म्हणून तोच सुचवला जातो. मोठ्या माणसांत तो तितका पक्का ठरलेला नाही. इतके आठवडे एकच चव घेणे मोठ्यांना जमत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण. तरी शस्त्रक्रियेआधी अशक्त रुग्णाची ताकद वाढवण्यासाठी मोठ्यांतही तो उपयोगी पडतो. अर्धे पातळ पोषण आणि अर्धे निवडक घरचे अन्न ही पद्धत इस्रायलमधल्या डॉक्टरांनी मांडली. मोठ्यांवरच्या एका छोट्या चाचणीत तिचा चांगला परिणाम दिसला.

कोलायटिसमध्ये पातळ पोषण हा स्वतंत्र उपचार नाही. दिल्लीच्या एम्समध्ये तीव्र कोलायटिसने दाखल झालेल्या रुग्णांना स्टेरॉइडच्या जोडीला सात दिवस असे पोषण देऊन पाहिले. स्टेरॉइडला जोड मिळाली, ते सोडून दिलेले नव्हते. हा फरक महत्त्वाचा आहे.

हे डबे महाग असतात. कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून प्रोटीन पावडर आणून हा प्रयोग घरी करू नका. पावडर प्रत्येक वेळी परिपूर्ण अन्न नसते. आहारतज्ज्ञाचा सल्ला मोठ्या सरकारी रुग्णालयात मिळतो.

चार गैरसमज

"पथ्य पाळले की औषध नको." चूक. आहाराने शरीर टिकते, पण दाह दाबायला बहुतेक मोठ्या माणसांना औषध लागतेच. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या की आजार उसळतो. स्टेरॉइड तर कधीही एकदम बंद करू नये, ते टप्प्याटप्प्यानेच कमी करतात.

"अंगदुखीची गोळी घेतली तर काय बिघडते?" डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो. ताप-दुखण्याला काय घ्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

"विडी-सिगारेटने पोट साफ होते." धूम्रपानाने क्रोन्स बळावतो आणि शस्त्रक्रियेची पाळी लवकर येते.

"बोअरचे पाणी शुद्धच असते." ज्यांची रोगप्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली आहे त्यांनी टँकरचे, बोअरचे, कुठलेही पाणी उकळून प्यावे. पोटाचा साधा संसर्गही आजार उसळवतो.

उपोसथ, वर्षावास आणि सामुदायिक भोजन

पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. आजार शांत असेल, वजन ठीक असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावे. आजार उसळलेला असताना मात्र संध्याकाळचे जेवण सोडू नये. विनयात आजारी भिक्खूंसाठी दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून घेण्याची मोकळीक दिलेली आहे, आणि पेजेचे गुणही तिथे सांगितले आहेत. पोटाच्या आजाराने स्वतःच्या मळात पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदांसह स्वतः धुऊन स्वच्छ केले, हा प्रसंगही विनयातच आहे. ज्या आजाराची आपल्याला लाज वाटते, त्याच आजाऱ्याची ती सेवा होती.

१४ एप्रिलच्या भोजनदानात किंवा लग्नाच्या पंगतीत आयोजकांनी एक पातेले कमी तिखटाचे वरण-भाताचे ठेवले तर कितीतरी जण आनंदाने जेवतील. १ जानेवारीला पेरणे फाट्याला जाताना रुग्णाने घरचे उकळलेले पाणी, मऊ डबा, ओआरएसची पुडी व औषधे जवळ ठेवावीत आणि शौचालये कुठे आहेत ते आधी पाहून घ्यावे.

खर्च आणि हक्क

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांनी पगाराची पावती पाहावी. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के ईएसआयसाठी कापले जातात. ठेकेदाराकडचे कामगारही यात येतात. कार्ड असेल तर रुग्णाला आणि कुटुंबाला उपचार मिळतात, आणि अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कापले जातात पण कार्ड नाही, असे असेल तर कार्ड मागा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्या. दौंड-शिरूरच्या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखवता येते. जाताना जुने कागद, औषधांची नावे आणि आहाराची वही न्या.

महिन्यातून एकदा वजन करा. अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रात काटा असतो. तीन महिन्यांत ५० किलोचा माणूस अडीच किलोहून अधिक उतरला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच आणि सोबत ताप किंवा जोरात धडधडणारे काळीज. पोट फुगून कडक होणे, उलट्या, वारा व शौच दोन्ही बंद होणे. चक्कर, लघवी कमी होणे. ही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी निघा. १०८ ला फोन करा.

विचार आणि चर्चा

१. उसळीचे आणि शांत काळाचे ताट यांत फरक काय?
२. आपल्या घरातल्या आजाऱ्याचे वजन किती, आणि त्याला रोज किती प्रथिने लागतील? आज त्याच्या पोटात किती गेली?
३. आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवते?
४. वस्तीत कुणी महिनोन् महिने मूळव्याधीचे औषध घेत आहे का? त्याला तपासणीला कोण घेऊन जाईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक नाव ठरवा आणि या आठवड्यातला एक दिवसही ठरवा.